व्हिडिओ गेमच्या कंपन्या आधी काय विकत होत्या?

कृषीकेंद्रवाला

फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांतात गिलेमो नावाचं कुटुंब शेतकऱ्यांना लागणारा माल पुरवायचं. पाच भाऊ. शिकता शिकता पाचही जण घरच्या धंद्यात राबलेले. कोणी विक्री बघायचा, कोणी हिशेब, कोणी माल पोचवायचा. शिक्षण संपवून परत आल्यावर, याच गिऱ्हाइकाला आणखी काय विकता येईल असा विचार त्यांनी सुरू केला. आधी सीडी आणल्या, मग कॉम्प्युटर, मग कॉम्प्युटरवरचे गेम. त्यात लक्षात आलं की तोच माल फ्रान्सच्या ठोक व्यापाऱ्याकडून घेण्यापेक्षा इंग्लंडहून मागवला तर भाडं धरूनही स्वस्त पडतो. १९८४ मध्ये टपालानं माल पाठवणारी कंपनी काढली. आईनं दोन अटी घातल्या: तुमचं तुम्ही सांभाळायचं, आणि पाचही जणांचे हिस्से सारखे. थोड्याच काळात फ्रान्समधले दुकानदारच यांच्याकडून माल उचलू लागले. मग दुसऱ्याचे गेम विकण्यापेक्षा आपलेच का करू नयेत म्हणून २८ मार्च १९८६ ला त्यांनी आणखी एक कंपनी काढली. ती यूबीसॉफ्ट. 'असॅसिन्स क्रीड' या गेमवाली.

मी दर्यापूरकडे कृषी केंद्र चालवतो, त्यामुळे ही गोष्ट मला जरा जास्तच भिडली. आमच्या धंद्यात जूनमध्ये श्वास घ्यायला वेळ नसतो, पुढं फवारणीची औषधं, मग हरभऱ्याचं बियाणं, आणि त्यानंतर उन्हाळाभर उधारीची वही. त्या रिकाम्या दिवसांत दुकानात दुसरं काय ठेवावं हा प्रश्न प्रत्येक कृषी केंद्रवाल्याला पडतो. कोणी पाइप ठेवतो, कोणी ताडपत्री, कोणी मोबाइल रिचार्ज. गिलेमोंनी गेम ठेवले. इंग्लंडचा भाव आणि फ्रान्सचा भाव यातली फट ज्याला दिसली तो डोळा प्रोग्रामरचा नाही, व्यापाऱ्याचा आहे.

त्यानंतर मी नादच लावून घेतला आणि इतर कंपन्यांचं मूळ शोधत बसलो. निन्टेन्डो १८८९ ची. क्योतोमध्ये फुसाजिरो यामाउची हा माणूस हानाफुदा नावाचे फुलांच्या चित्रांचे पत्ते हातानं बनवायचा. पुढं इंग्रजी पत्तेही काढले आणि ते तंबाखूच्या दुकानांतून देशभर विकले, म्हणजे आपल्या भाषेत पानठेल्यांवरून. त्याचा वारस हिरोशी यामाउची १९४९ मध्ये वयाच्या २२ व्या वर्षी गादीवर आला. त्यानं प्लास्टिकचे पत्ते काढले, १९५९ मध्ये डिस्नेची चित्रं छापलेले पत्ते काढून लहान मुलांना गिऱ्हाईक केलं, मधल्या काळात टॅक्सी चालवून पाहिल्या, झटपट भातही विकून पाहिला. भात काही खपला नाही. खेळण्यांकडे वळले ते त्यानंतर. पत्त्यांची मशीन दुरुस्त ठेवायला १९६५ मध्ये गुनपेई योकोई नावाचा तरुण कामाला घेतला होता. तो फावल्या वेळात लांबून वस्तू पकडणारा एक जाळीदार हात बनवून खेळत बसलेला मालकाला दिसला. मालकानं झापलं नाही, तेच खेळणं बाजारात आणायला सांगितलं. 'अल्ट्रा हँड' १९६६ मध्ये निघाला आणि दहा लाखांवर खपला. याच योकोईनं पुढं गेम अँड वॉच आणि गेम बॉय ही हातात धरून खेळायची यंत्रं केली.

माझं म्हणणं एवढंच की या कंपन्यांकडे गेम नंतर आला. माल गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायची वाट आधीपासून होती. तुम्हाला आणखी कोणाच्या पूर्वपीठिका ठाऊक असतील तर टाका. विरोधातली उदाहरणंही चालतील.

पोट्टा_अंजनगावचा

काय सांगता भाऊ! म्हंजे थो असॅसिन्स क्रीडचा हिरो एझिओ युरियाच्या दुकानातून निंगाला? आमच्या इथं यष्टी स्टँडच्या मागं पार्लर होतं. मुस्तफा खेळाले लायनी लागे, घरी माय भाकरी घेऊन बसली राहे अन आमी इकडे डायनासोर मारत. थ्या मुस्तफाची कंपनी आंधी काय विकत होती? अन कॉन्ट्रावाली? आमाले कंपनीचं नाव कायचं माहीत, थे पडद्यावर याच्या आंधीच बटन दाबाचो.

टोकनवाला

पोट्ट्या, मुस्तफा म्हणजे 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', कॅपकॉमचा, १९९३ चा. पात्रंही कॅपकॉमची नव्हेत, एका अमेरिकन कॉमिकवरून परवान्यानं घेतलेली. हिरो चार होते, पण लाथ मारत पळणाऱ्या मुस्तफाचं नाव अख्ख्या गेमला पडलं. इतकं की मी बोर्ड, म्हणजे गेम भरलेली सर्किटची पाटी, घ्यायला नागपूरला गेलो तर तिथला व्यापारीही 'मुस्तफा पाहिजे का' असंच विचारायचा.

हिंगणघाटला माझं पार्लर होतं, नव्वदीच्या दशकात. ढाचा गावातल्या सुताराकडून प्लायवूडचा करून घेतलेला, आत रंगीत टीव्हीची ट्यूब, खाली बोर्ड. गेम बदलायचा तर मशीन बदलायचं नाही, फक्त बोर्ड ओढून दुसरा बसवायचा. ही सोय जपानमधल्या मशीनवाल्यांच्या संघटनेची. १९८५ च्या सुमारास त्यांनी ५६ पिनांचा एकच कनेक्टर सगळ्यांसाठी ठरवला, त्याला जामा म्हणतात. म्हणून टोकियोत निघालेला गेम वर्धा जिल्ह्यातल्या प्लायवूडच्या डब्यात चालायचा. पिना काळ्या पडल्या की पडद्यावर रेघा यायच्या. मग शाळेतला खोडरबर घेऊन हळूहळू घासायच्या, कापडानं पुसायच्या, परत बसवायचा. आपल्याकडे येणारे बोर्ड बहुतेक कॉपी केलेलेच असायचे, हेही सांगून टाकतो. जपानला आपला एक पैसाही पोचला नसेल. आणि लाइट गेली की पोरं कल्ला करायची, कारण शेवटच्या डायनासोरपाशी पोचलेला डाव गेलेला असायचा. मी टोकन परत द्यायचो, नाहीतर काच फुटली असती.

आता तुझ्या प्रश्नाकडं. कॅपकॉम काढणारा केंझो त्सुजिमोतो हा मुळात मशीनच्या धंद्यातला. त्यानंच आधी दुसरी कंपनी काढली होती, तीच पुढं इरेम नावानं चालली. १९७९ मध्ये ओसाकाकडे त्यानं नव्यानं सुरुवात केली आणि १९८३ मध्ये कॅपकॉम उभी राहिली. कॉन्ट्रा कोनामीचा, १९८७ चा. कोनामी म्हणजे १९६९ मध्ये ओसाकाजवळ कागेमासा कोझुकीनं सुरू केलेला धंदा, जुकबॉक्स भाड्यानं द्यायचे आणि बिघडले की दुरुस्त करायचे. जुकबॉक्स म्हणजे नाणं टाकलं की गाणं वाजवणारी पेटी. कॉन्ट्रात वर-वर-खाली-खाली करून तीस लाइफ मिळायच्या ते आठवतं? तो कोड मुळात १९८६ च्या 'ग्रॅडियस' या गेमसाठी काझुहिसा हाशिमोतोनं घातला होता, कारण स्वतः तपासताना त्यालाच तो गेम पार होत नव्हता.

टायटोचा मालक मायकेल कोगन, जन्म ओडेसाचा. १९५३ मध्ये त्यानं टोकियोत कंपनी काढली आणि व्होडका गाळली, शेंगदाण्याची विक्रीयंत्रं लावली, मग जुकबॉक्स. तिथून १९७८ चा 'स्पेस इन्व्हेडर्स'. (त्या गेममुळं जपानात नाण्यांचा तुटवडा झाला असं जो तो सांगतो, ती दंतकथा आहे.) नाम्कोच्या मासाया नाकामुरानं १९५५ मध्ये योकोहामातल्या एका मोठ्या दुकानाच्या गच्चीवर लहान पोरांसाठी दोन डुलणारे घोडे लावले. पंचवीस वर्षांनी त्याच कंपनीनं पॅक-मॅन काढला.

म्हणजे कृषीकेंद्रवाले भाऊ, तुमच्या यादीत आणखी एक जात घाला: मशीनवाले. यांच्याकडं दुकानही नव्हतं. दुसऱ्याच्या दुकानात आपलं मशीन ठेवायचं, आठवड्यानं जाऊन गल्ला उघडायचा आणि अर्धे-अर्धे वाटून घ्यायचे. हा धंदा मी केलेला आहे. यात गेम कसा आहे हे परीक्षण वाचून कळत नाही, गल्ला मोजल्यावर कळतं.

कृषीकेंद्रवाला

टोकनवाले काका, क्या बात! असाच एक गल्ल्याचा किस्सा अटारी या अमेरिकन गेम कंपनीचा आहे. १९७२ मध्ये कॅलिफोर्नियात सनीव्हेल गावी एका दारूच्या गुत्त्यात 'पॉन्ग'चं पहिलं मशीन ठेवलं होतं. काही दिवसांत मालकाचा निरोप आला, मशीन बंद पडलं. अल अल्कॉर्न, ज्यानं ते बनवलं होतं, तो दुरुस्तीला गेला. बघतो तर नाणी इतकी साचलेली की पुढचं नाणं आत जायलाच जागा नाही.

सेगाबद्दल कोणी लिहिणार का?

टोकनवाला

मीच लिहितो. सेगाचं मूळ हवाईत. १९४० मध्ये होनोलुलूला काही अमेरिकनांनी लष्करी छावण्यांना जुगाराची मशीनं पुरवायला कंपनी काढली. युद्धानंतर अमेरिकेनं आपल्या हद्दीतल्या छावण्यांत जुगाराच्या मशीनवर बंदी आणली, तर यांनी धंदा जपानमधल्या छावण्यांकडं हलवला. दुसरीकडं डेव्हिड रोझन नावाचा अमेरिकन हवाई दलातला माणूस नोकरी सोडून जपानात राहिला. जपानी लोकांना ओळखपत्रासाठी सारखे फोटो लागतात हे बघून त्यानं १९५४ पासून झटपट फोटोची मशीनं आणली. १९६५ मध्ये हे दोन्ही धंदे एक झाले. त्याची सेगा. पुढच्याच वर्षी पाणबुडीतून जहाजं उडवायचं 'पेरिस्कोप' मशीन निघालं आणि ते अमेरिकेत गेल्यावर एका डावाला पंचवीस सेंट हा दर पडला. १९६९ मध्ये कंपनी गल्फ अँड वेस्टर्न या अमेरिकन समूहाला विकली, १९८४ मध्ये परत जपानी हातात आली.

ज्या दिवशी निन्टेन्डोचा फॅमिकॉम जपानात आला, १५ जुलै १९८३, त्याच दिवशी सेगाचाही पहिला घरगुती कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, आला. पुढं सेगाचा ड्रीमकास्ट हा कन्सोल आपटला. तेव्हाचा मालक इसाओ ओकावानं २००१ मध्ये मरण्याआधी कंपनीवरचं आपलं कर्ज माफ केलं आणि सुमारे ७० कोटी डॉलरचे शेअर कंपनीला देऊन टाकले. असा मालक मी तरी दुसरा ऐकला नाही. २००४ मध्ये सॅमी या पचिस्लॉटची मशीनं बनवणाऱ्या कंपनीशी जोडणी झाली. म्हणजे जुगाराच्या मशीनपासून निघाले आणि फिरून जुगाराच्या मशीनवाल्यांच्याच घरी गेले.

संत्र्याची_फोड

मी वरुडची, सध्या पुण्यात एका स्टुडिओत गेम टेस्टिंग करते. धागा वाचायला मजा येतेय, पण दादा, तुमचा मुद्दा मला अर्धाच पटतो. दुकान, वाट, गल्ला सगळं खरं. पण गेम बनवणारा माणूस यात कुठं आहे?

अ‍ॅक्टिव्हिजन बघा. डेव्हिड क्रेन, अ‍ॅलन मिलर, बॉब व्हाइटहेड, लॅरी कॅप्लन, चौघेही अटारीत प्रोग्रामर. एकदा कंपनीनं कुठला गेम किती विकला याची यादी वाटली, म्हणजे असे गेम बनवा असं सांगायला. चौघांनी आपापले गेम जोडून पाहिले तर कार्ट्रिजच्या, म्हणजे कन्सोलमध्ये खोचायच्या गेमच्या डबीच्या, विक्रीतला निम्म्याहून जास्त वाटा त्यांचा निघाला. पगार मात्र साधा, आणि डब्यावर नाव कोणाचंच नाही. तेव्हा अटारीचा प्रमुख रे कॅसार होता, तो आलेला बर्लिंग्टन या कापडाच्या मोठ्या कंपनीतून. हे चौघे नाव आणि हिस्सा मागायला गेले. क्रेननं नंतर सांगितलं त्याप्रमाणे उत्तराचा मथितार्थ असा होता की कार्ट्रिज जुळवणाऱ्या कामगाराइतकेच तुम्ही महत्त्वाचे. चौघे बाहेर पडले आणि १९७९ मध्ये जिम लेव्हीला बरोबर घेऊन अ‍ॅक्टिव्हिजन काढली. कन्सोल एकाचा आणि त्याचे गेम दुसऱ्याचे, असं त्याआधी कोणी केलंच नव्हतं. अटारीनं खटला भरला, पण १९८२ मध्ये रॉयल्टीवर तडजोड झाली आणि रस्ता सगळ्यांसाठी मोकळा झाला. त्याच वर्षी क्रेनचा 'पिटफॉल' आला, चाळीस लाखांवर खपला. अ‍ॅक्टिव्हिजन डब्यावर बनवणाऱ्याचं नाव छापायची.

यांच्याकडं ना दुकान होतं ना मशीन. फक्त डोकं होतं.

मला हे प्रकरण का लागतं ते सांगते. आमचं काम म्हणजे पात्राला दिवसभर एकेका भिंतीवर नेऊन आदळायचं. कुठं भिंतीतून आरपार जातो का, कुठं पाय जमिनीत रुततो का. सापडलं की जागा, कोन, हातात कुठलं शस्त्र होतं, किती वेळा केलं की घडतं, हे सगळं लिहायचं. मग दुरुस्त झालं म्हणून निरोप येतो की परत त्याच भिंतीवर. गेम बाजारात यायच्या आधी नोकरी सोडली तर बऱ्याच ठिकाणी शेवटच्या यादीत नाव येत नाही. माझ्या एका मैत्रिणीचं असंच गेलं. पंचेचाळीस वर्षांपूर्वीचं भांडण अजून मिटलेलं नाही.

कृषीकेंद्रवाला

ताई, मुद्दा मान्य, उदाहरण भारी. पण पुढचं पान उलटा. रस्ता सगळ्यांना मोकळा झाल्यावर वाट्टेल त्यानं गेम काढले, दुकानं फालतू मालानं भरली, आणि १९८३ मध्ये अमेरिकेतला अख्खा धंदा बसला. दुकानदार व्हिडिओ गेम हे नाव ऐकायला तयार नव्हते. त्या बाजारात निन्टेन्डो १९८५ मध्ये उतरली. कन्सोलमध्ये कुलपाची चिप, परवान्याशिवाय गेम चालणारच नाही. परवानाधारकानं वर्षाला पाचच गेम काढायचे, कार्ट्रिज निन्टेन्डोच बनवून देणार, पैसे आधी मोजायचे. डोकं तुमचं, पण दुकानाची किल्ली आमच्याकडं. पुढची कितीतरी वर्षं धंदा असाच चालला.

पाच गेमच्या अटीवर कोनामीनं काय केलं माहीत आहे? अमेरिकेत 'अल्ट्रा गेम्स' नावाची दुसरी कंपनी काढली आणि तिच्या नावावर आणखी पाच. परवाना बायकोच्या नावावर काढणारे आमच्याच लाइनीत आहेत असं मला वाटायचं.

फेरफार_नोंद

निवृत्त तलाठी आहे, त्यामुळं मला मालकी कोणाची यातच रस. अटारीचा सातबारा काढून पाहिला, एवढे फेरफार एका गट नंबरवर मी नोकरीभर पाहिले नाहीत.

१९७२ ला नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी. १९७६ ला वॉर्नर, २ कोटी ८० लाख डॉलरला. १९८४ ला तुकडे पडले: घरगुती कन्सोल आणि कॉम्प्युटरचा भाग जॅक ट्रॅमिएलला, हा कमोडोर कॉम्प्युटरचा संस्थापक. नाण्याच्या मशीनचा भाग वेगळा, त्यात पुढं टोकनवाल्यांच्या त्या घोडेवाल्या नाम्कोचा हिस्सा. १९९६ ला ट्रॅमिएलनं आपला भाग जेटीएस या हार्डडिस्कवाल्या कंपनीत मिसळला. या जेटीएसचा कारखाना आपल्या मद्रासला होता, ही माहिती वाचून मी उडालोच. १९९८ ला हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीनं अटारीचं नाव आणि हक्क ५० लाख डॉलरला उचलले. २८० लाखाचा माल ५० लाखाला, आणि तोही बावीस वर्षांनी! मग फ्रान्सच्या इन्फोग्राम्सकडं, आणि २००९ ला तिनंच आपलं नाव टाकून अटारी हे नाव घेतलं. २०१३ ला अमेरिकेतल्या शाखेनं दिवाळखोरीचा अर्ज केला.

आजच्या अटारीत १९७२ चं नावाशिवाय फारसं काही उरलेलं नाही. नावालाच भाव आहे. जमिनीचं उलट असतं, नाव कोणाचंही चढो, जमीन तिथंच.

अ‍ॅक्टिव्हिजनही पाहिली. मधे नाव बदलून मीडियाजेनिक झाली, बुडायला आली, १९९१ ला बॉबी कॉटिकनं ताब्यात घेतली. २००८ ला व्हिव्हेंडीशी जोडणी, २०१३ ला सुटका, आणि १३ ऑक्टोबर २०२३ ला मायक्रोसॉफ्ट. किंमत जाहीर झाली होती ६,८७० कोटी डॉलर. ही व्हिव्हेंडीही मूळ पाणीपुरवठ्याची कंपनी, १८५३ ची. हिनंच नंतर त्या पाच भावांची यूबीसॉफ्ट गिळायला घेतली होती. भावांनी दाद दिली नाही आणि २०१८ ला व्हिव्हेंडी आपले शेअर विकून बाहेर पडली. भावांचीच धाकटी कंपनी गेमलॉफ्ट मात्र २०१६ ला व्हिव्हेंडीकडं गेली.

कृषीकेंद्रवाला

वा तलाठीसाहेब! आईची सारख्या हिश्शाची अट कामाला आली म्हणायची.

मास्तर_पुलगाव

जीटीए, म्हणजे 'ग्रँड थेफ्ट ऑटो' या गेमबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. त्यातला व्हाइस सिटी न खेळलेला माझ्या वर्गातला मुलगा सापडणं कठीण होतं. सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून खेळायचे आणि वहीच्या मागच्या पानावर चीट कोड.

हा गेम स्कॉटलंडमधला. डंडी नावाचं गाव तागाच्या गिरण्यांचं. ताग जायचा आपल्या बंगालमधून. पुढं गिरण्या कलकत्त्यालाच उभ्या राहिल्या आणि डंडीच्या एकेक बंद पडल्या. पुलगावची गिरणी बंद झालेली ज्यानं पाहिली आहे त्याला पुढचं वेगळं सांगायला नको. फरक इतकाच पडला की डंडीत टायमेक्सचा घड्याळांचा कारखाना होता आणि ऐंशीच्या दशकात तिथं सिंक्लेअर कंपनीचे स्वस्त स्पेक्ट्रम कॉम्प्युटर जोडले जायला लागले. जिथं माल बनतो तिथं तो घरोघरी पोचतोच. गावातली पोरं प्रोग्रामिंग शिकली. डेव्हिड जोन्स टायमेक्समध्येच होता. नोकरकपातीत बाहेर पडला, मिळालेल्या पैशातून अमिगा कॉम्प्युटर घेतला आणि गावातल्या कॉम्प्युटर क्लबातल्या मित्रांना धरून डीएमए डिझाइन काढली. १९९१ ला 'लेमिंग्ज', १९९७ ला जीटीए. त्याच वर्षी तिथल्या अ‍ॅबर्टे विद्यापीठानं कॉम्प्युटर गेमची पदवी सुरू केली.

पहिला जीटीए छापला बीएमजी इंटरअ‍ॅक्टिव्हनं. बीएमजी ही जर्मनीच्या बेर्टेल्समानची शाखा, आणि बेर्टेल्समान १८३५ मध्ये चर्चची भजनं आणि धार्मिक पुस्तकं छापणारा छापखाना म्हणून सुरू झालेली! १९९८ मध्ये टेक-टूनं बीएमजीचा हा भाग घेतला आणि वर्षाअखेर न्यूयॉर्कला रॉकस्टार उभी राहिली. डंडीची कंपनी पुढं एडिनबरोला हलली, रॉकस्टार नॉर्थ झाली, २००२ चा व्हाइस सिटी तिनंच केला.

संत्र्याच्या फोडीशी मी सहमत आहे. कृषी केंद्रवाल्यांचा नियम डंडीला लागू पडत नाही. तिथं आधी शिकलेले हात होते.

बीजीएमआय_बाबा

सगळे जुनंच काय उगाळता, पबजीचं सांगा ना. आमच्या गावात रात्री पारावर चार पोरं बसली की चारही माना खाली. २०२० मध्ये बंदी आली तेव्हा चिनी कंपनी म्हणून बंद केला ना? मग परत कसा आला? आणि आपली भारतीय कंपनी एकही नाही का?

संत्र्याची_फोड

बाबा, पबजी मूळ दक्षिण कोरियाचा. २००७ मध्ये सुरू झालेली ब्लूहोल, तीच पुढं क्राफ्टन. मोबाइलवर आणणारी टेन्सेंट चिनी, म्हणून सप्टेंबर २०२० च्या बंदीत तो सापडला. मग क्राफ्टननं भारताचं काम स्वतःकडं घेऊन २०२१ मध्ये बीजीएमआय काढला.

दादांच्या मुद्द्यासाठी टेन्सेंट हवीच. १९९८ ची, शेंझेनची, सुरुवात संदेश पाठवायच्या क्यूक्यू नावाच्या सोयीपासून. गेम नव्हता, पण कोट्यवधी माणसं रोज त्यांच्याकडं यायची, म्हणजे वाट होती. २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या नॅस्पर्सनं सुमारे ३.२ कोटी डॉलर देऊन टेन्सेंटचा ४६.५ टक्के हिस्सा घेतला. नॅस्पर्स म्हणजे १९१५ मध्ये वर्तमानपत्र काढायला सुरू झालेली कंपनी. जगातल्या फार थोड्या सौद्यांनी इतका पैसा केला असेल.

भारतीय आहेत की! ध्रुव इंटरअ‍ॅक्टिव्ह, बंगळूर, १९९७, राजेश राव. बाहेरच्यांच्या गेमसाठी चित्रं आणि गाड्या बनवून देता देता मोठी झाली, २०१९ मध्ये रॉकस्टारनं ७९ लाख डॉलरला घेतली. मुंबईची नझारा, जी २०२१ मध्ये शेअर बाजारात आली. आणि पुण्याचे नॉडिंग हेड्स, त्यांचा 'राजी' २०२० चा. राजी नक्की खेळ. दादांच्या पाच भावांचा पुण्याला स्टुडिओ २००८ पासून आहे, ध्रुवसारखंच बरंच काम बाहेरच्या गेमचं. हात आपल्याकडं भरपूर आहेत. आपला गेम आपल्या नावानं विकायची वाट कमी आहे. (हे लिहिताना कळतंय की मी दादांच्या बाजूनं बोलतेय.)

धानपट्टा

आम्ही गोंदियाचे, निन्टेन्डोच्या भाताचा उल्लेख आल्यावर गप्प बसवत नाही. सोनीचंही तसंच! युद्धानंतर मासारू इबुकानं टोकियोत दुकान मांडलं तेव्हाच्या अगदी पहिल्या वस्तूंत विजेचा भाताचा कुकर होता. लाकडी बादली, तळाशी अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या, त्यातून वीज सोडायची. तांदूळ कसा, पाणी किती, यावर सगळं. एकदा कच्चा, एकदा गिचका. बाजारात गेलाच नाही.

दोघांचंही भातात फसलेलं, पण खरी गाठ पुढं पडली. सोनीच्या केन कुतारागीनं निन्टेन्डोच्या सुपर फॅमिकॉमसाठी आवाजाची चिप करून दिली, तीही आधी साहेबांना न सांगता. मग निन्टेन्डोच्या कन्सोलला सोनीनं सीडी जोडून द्यायची असा १९८८ मध्ये करार झाला. सीडीवरच्या गेमचा ताबा त्यात सोनीकडं जात होता. वर कृषी केंद्रवाल्यांनी लिहिलंय की निन्टेन्डोचा सगळा जीव त्या परवान्याच्या किल्लीत. यामाउचीला हे पटणं शक्यच नव्हतं. जून १९९१ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात सोनीनं 'प्ले स्टेशन' जाहीर केलं, आणि दुसऱ्याच दिवशी निन्टेन्डोनं तिथंच सांगितलं की आम्ही फिलिप्सबरोबर जातोय. भर मांडवात नवरा बदलला. कुतारागी इरेला पेटला, अध्यक्ष नोरिओ ओगा पाठीशी उभा राहिला, आणि ३ डिसेंबर १९९४ ला प्लेस्टेशन जपानात आलं. दहा कोटींवर खपलं. निन्टेन्डोचा १९९६ चा कन्सोल 'निन्टेन्डो ६४' तीन कोटी तीस लाखांच्या आसपास थांबला, कारण ते कार्ट्रिज सोडायला तयार नव्हते. फिलिप्सच्या मशीनवर निघालेले मारिओ आणि झेल्डाचे गेम तर कोणाला दाखवू नका.

पोट्टा_अंजनगावचा

म्हंजे कुकर फसला नसता तं सोनी आज भातच शिजवत बसली असती न बाप्पा! टोकनवाले काका, थो मुस्तफाचा बोर्ड अजून हाय का तुमच्यापाशी? इकाचा असंल तं सांगा, पिना घासाले मी येतो.

टोकनवाला

बोर्ड आहे. ट्यूब गेली. ट्यूब सापडली की ये, खोडरबर माझ्याकडचा.